पांढऱ्या बुडाचं डबडं

बाबा, आज पुन्हा तुमच्यावर चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी माणसाने डोक्यातून उतरावं की नाही? पण भांड्यांच्या दुकानात उभी राहून मी एखादा मग हातात घेते, त्याचं बूड बोटाने वाजवून पाहते, तोच मागून तुमचा आवाज येतो, "तोंड पाहिलंस का? कडी कुठं अडकवशील?" दुकानदार विचारतो, काय झालं भाभीजी? आता त्याला काय सांगू? मधे महिनाभर मी पाणी उकळायला एक हलकं भांडं शोधत होते. साधं भांडं. आणि त्यापायी घरात जेवढी भांडणं झाली तेवढी आमच्या वाटण्यांच्या वेळीसुद्धा झाली नव्हती.

पहिल्यापासून सांगते. तुमची नात, जी तुम्ही पाहिलीत तेव्हा रांगत होती आणि तुमच्या चपला तोंडात घालत होती, ती आता वनरक्षक झाली आहे. तामियाकडच्या डोंगरात तिची बीट आहे, म्हणजे तिने राखायचा जंगलाचा तुकडा. सकाळी निघायचं, नाले-टेकड्या तुडवत गश्त घालायची, कधी अंधार पडला तर डोंगरातल्या चौकीवरच मुक्काम. पाठीवर एक पिशवी असते. त्यात टॉर्च, दोरी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, पट्ट्या, गोळ्या, चणे, गूळ. कुठे अडकलीच तर दोन दिवस निभावतील एवढं सामान. ती त्याला सर्व्हायव्हल किट म्हणते, ह्यांना ते तिचं गाठोडं वाटतं. त्या गाठोड्यात सगळं होतं, पाणी उकळायला तेवढं काही नव्हतं. उन्हाळ्यात बाटली संपली, हिने नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायलं आणि डोळे हळदीसारखे पिवळे करून घरी आली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ उतरेल, पण पुन्हा असं पाणी पोटात गेलं तर लिव्हरचं काही खरं नाही.

मग आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. हे म्हणाले, "सोड ते नोकरी. दुकानात बस माह्यासंगं. आता एकदा आजारी पडली ना, तं राजीनामा मीच नेऊन देतो साहेबाले." आमचं बियाणं-औषधाचं दुकान आहे, तिथे बसून तिने कपाशीच्या फवारणीचे डबे विकावेत अशी ह्यांची इच्छा. आणि तिने ही नोकरी कशी मिळवली ते मी पाहिलं आहे. दरवर्षी परीक्षा द्यायची, दरवर्षी थोडक्यात राहायची, पुन्हा उठून चालण्याच्या परीक्षेसाठी सौंसरच्या बगीच्यांमधून मैलोन् मैल पायपीट करायची. लोक विचारायचे, पोरगी कुठं पळून राहिली रोज? ती पोरगी अंथरुणातून म्हणाली, "पप्पा, उकळून पिईन. पण आई, भांडं असं पाह्य का मी ते नेईन. जड असलं तं मी चौकीवरच टाकून जाईन, आधीच सांगून राहिली." म्हणजे तिची नोकरी एका भांड्याच्या वजनावर येऊन टेकली. भांडं निवडायचं काम मात्र माझ्या गळ्यात, कारण ह्यांच्या मते "तो तुह्या बापाचा खानदानी विषय आहे." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण टोमणा मारायची संधी हे सोडत नाहीत.

खानदानी विषय! ऐकलंत? तर त्या खानदानी विषयातलं मला कळलं ते असं. ह्यांनी स्वतः सगळ्यात आधी एक चकचकीत स्टीलची बाटली आणली, दुहेरी भिंतीची, दिवसभर पाणी गरम ठेवणारी. मोठ्या कौतुकाने ती गॅसवर ठेवायला निघाले तेव्हा पोरगी किंचाळली, कारण तसली बाटली आगीवर ठेवली तर दोन भिंतींच्या मधे कोंडलेली हवा फुगून ती फुटू शकते. गरम ठेवेल, पण गरम करणार नाही, असली ती वस्तू. सासूबाईंनी माळ्यावरून पितळेचा गडवा काढायला लावला. तो एवढा जड की त्याने अस्वल मारता येईल. मोबाइलवर एक टायटॅनियमचा मग दिसला, पापडासारखा हलका म्हणे, पण किंमत पाहून ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. ॲल्युमिनियमचा मग हलका खरा, पण काठ असा तापतो की ओठाला चटका आणि पिशवीत दाबला की चेपलाच. प्रत्येक जण आपलं घोडं पुढे दामटतो आहे आणि मी मधे उभी. तुम्ही असता तर तुम्ही तुमचं डबडं काढलं असतं, हेही मला माहीत आहे.

तुमचं ते डबडं. दूध पावडरचा रिकामा डबा, काठाखाली समोरासमोर दोन भोकं, त्यात पिळलेली तार आणि बाहेरून इतकी काजळी की हात लावला तर फ्रॉकला पुसायची सोय नाही. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर तुमच्या मालधक्क्याच्या ऑफिसमागे कोळशाची शेगडी असायची, तिच्यावर ते सदा चढलेलं. संत्र्याच्या पेट्यांचे ढीग लागलेत, हमाल घामाने निथळताहेत, व्यापारी पावतीसाठी खोळंबलेत, आणि बाबू कुठे आहेत, तर मागे पाणी उकळताहेत. मी जेवणाचा डबा घेऊन यायचे तेव्हा हमाल हसून सांगायचे, "जाय बाई, साहेब पूजेत आहे." ऑफिसातलं ठीक होतं. पण तुम्ही ते डबडं लग्नाला नेत होता, बाबा! कापडी पिशवीत गुंडाळून, अहेराच्या साडीशेजारी! आणि माझी ती मैत्रीण आठवते? तिच्या वाढदिवसाला मला घ्यायला आलात, माझ्या हातात पाण्याचा पेला पाहिलात, तो काढून घेतलात आणि तिच्या आईच्या देखत मोरीत ओतलात. वर मलाच रागावलात, "सांगितलं ना कुठंही प्यायचं नाही?" त्यानंतर मला त्या घरातून कधी बोलावणं आलं नाही. आपल्याकडे कोणाच्या हातचं पाणी नाकारलं की त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला कळत नव्हतं असं मी कसं मानू? तुम्ही जातपात मानत नव्हता, धक्क्यावर हमालांच्या शिदोरीतली भाकर मोडून खात होता. पण लोकांना ते कसं कळावं? लोकांना दिसत होतं ओतलेलं पाणी.

आणि माझं साक्षगंध. सौंसरला ह्यांच्या घरी सगळे जमलेले, अंगणात मांडव, मी नवी साडी नेसून खाली मान घालून बसलेली. ह्यांच्या घरच्या विहिरीचं पाणी अख्ख्या आळीत गोड म्हणून प्रसिद्ध, सासऱ्यांना त्याचा भारी अभिमान. त्यांनी स्वतः तांब्या भरून तुमच्यापुढे धरला आणि तुम्ही पिशवीतून डबडं काढलंत. मी खालच्या मानेनेच पाहिलं आणि मला वाटलं, धरणी दुभंगावी. तुम्ही विचारलंत, जरा हे उकळून मिळेल का? सासरे म्हणाले, "अहो, सारं सौंसर पिऊन राहिलं हे पाणी." तुम्ही म्हणालात, "पाणी चांगलंच असेल. मला उकळलेलं लागतं." बस. एवढंच. कोणी हलेना, तेव्हा तुम्ही उठलात, मांडवाच्या कडेला तीन विटा मांडल्या, पडलेल्या पराट्या मोडून घातल्या आणि काडी ओढलीत. कपाशीची वाळकी झाडं ती, भडकन पेटली. आतून कोणीतरी बाई म्हणाली, "आमच्या हातचं पाणी चालत नाही का त्याइले? एवढं सोवळं आहे तं पोरगी काहून देऊन राहिले?" सोयरीक तिथेच मोडायची. मामाने धावपळ करून सांगितलं की पाहुण्यांना पोटाचा जुना आजार आहे, म्हणून निभावलं. पुढे पहिलं वर्षभर सासूबाई मला अधूनमधून विचारायच्या, "तुले तं नाही ना व तो आजार?"

तो आजार काय होता हे मला आईने सांगितलं, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, दुपारी वाती वळत बसलो होतो तेव्हा. दादाच्या आणि माझ्या आधी तुम्हाला एक मुलगा होता. लोधीखेड्याला लग्नात गेला होतात तुम्ही, तहान लागली म्हणून तुम्हीच त्याला रांजणातलं पाणी पाजलंत, ओंजळीने. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ त्याने पाहिली नाही. आई वात वळता वळता म्हणाली, "तुह्या बापाले इचारू नोको. तो त्याचं नावबी घेत नाही." मी विचारलं नाही. पण माझं डोकं तेव्हापासून फिरलं आहे ते आजपर्यंत. एवढं कारण होतं, तर एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला? "माझं पोर गेलं आहे हो पाण्याने." संपलं. कोणाची हिंमत होती तुम्हाला सोवळे म्हणायची? त्याऐवजी आयुष्यभर तेच ते, मला उकळलेलं लागतं, मला उकळलेलं लागतं. आणि मी निघाले तेव्हा सगळ्यांच्या बापांनी पोरींच्या हातात काहीबाही दिलं, तुम्ही काय दिलंत? नवं डबडं. धुऊन, तार पिळून, झाकणासकट. नणंदेने सामान उघडलं आणि ते सगळ्यांसमोर वर धरलं. मी म्हटलं, तांदूळ मोजायला दिलंय. तेव्हापासून ते तांदळाच्या कोठीत आहे. आजही रोज त्यानेच मोजते. बूड अजून पांढरंशुभ्र आहे.

असो. भांड्याचं सांगत होते. शेवटी मी बसने पांढुर्ण्याला गेले, कारण आपल्या बाजारातला तो जुना भांडेवाला अजून आहे, आता त्याचा मुलगा बसतो. त्याने गल्ल्यावरचा पाण्याचा ग्लास पुढे केला, मी म्हटलं, पाणी राहू दे, चहा सांग, आणि कडक सांग. चहा येईपर्यंत अर्धं दुकान खाली काढायला लावलं. मिळाली एकदाची मनासारखी वस्तू. एकेरी भिंतीची स्टीलची बाटली, वर रंग नाही, आत काही लावलेलं नाही. बूच काढलं की थेट निखाऱ्यावर ठेवता येते, उकळलं की त्याच बाटलीतून प्या. तोंड जरा अरुंद होतं, पण वजनाला छान. घरी येऊन परसात तीन विटांवर पराट्या लावून उकळून पाहिलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "ह्या घरात पुन्हा तेच का व?" म्हणाल्या. मी लक्ष दिलं नाही. पोरगी बरी होऊन ड्यूटीवर गेली, बाटली घेऊन गेली, आणि मला वाटलं जिंकले.

पहिल्या सुट्टीला ती आली. मी कपडे धुवायला पिशवी उपसली, बाटली हातात आली, उलटी करून पाहिली. बूड आरशासारखं. काजळीचा एक ठिपका नाही. बाबा, माझं रक्त असं उसळलं! महिनाभर पायांचे तुकडे करून घेतले, घरादाराचे टोमणे ऐकले, आणि ही बाई बाटली फिरवून आणते? मी तिला अंगणातच धरलं. "एकदातरी आगीवर ठेवली का?" ती आधी म्हणाली घासली. मी म्हटलं, मला शिकवू नको, काजळी अशी जात नसते. मग ती पायरीवर बसली. म्हणाली, "कशी ठेवू, आई? चौकीदार काका खालून डोक्यावर पाणी आणते, काकू हातात गिलास देते. त्याइच्यासमोर मी माही एकटीची बाटली आगीवर ठेवू? माह्या आधी एक जण होता, तो आपला घडा अलग ठेवे. अजून शिव्या देऊन राहिले त्याले. अन् जंगलात मी त्याइच्याच भरवशावर आहे. काई झालं तं तेच उचलून आणतीन मले." मी विचारलं, मग तू तेच पाणी पितेस? आत ह्यांच्या चपलांचा आवाज आला तशी ती हळूच म्हणाली, "पप्पांले सांगू नोको."

भांड्याचं वजन कमी करता येतं, ह्याचं काय करायचं? रागाच्या भरात मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. आमचा चहाचा गंज तुम्ही पाहिलेला नाही. जुन्या ॲल्युमिनियमचं उभं पातेलं ते, घासून घासून पातळ झालेलं, वर चपटं झाकण, घरात कोणीही आलं तरी सगळ्यांचा चहा एका वेळी होतो एवढं. ती दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. अचानक म्हणाली, "आई, मले हा दे." मी म्हटलं, हा? एवढा मोठा? जड होईल. तिने चहा दुसऱ्या पातेल्यात ओतला, गंज विसळला आणि तशीच दुकानात नेऊन बियाण्याच्या काट्यावर ठेवला. माझ्या त्या बाटलीपेक्षा हलका भरला! मग तिने गाठोड्यातलं टॉर्च, दोरी, काडेपेटी, गोळ्या सगळं गंजाच्या पोटात भरून वर झाकण लावून दाखवलं. "बाटली माह्या एकटीची आहे. यात साऱ्याइचा च्या होते. पोचल्या पोचल्या मीच च्या मांडते म्हणीन. पाणी चांगलं खदखदू देईन, त्यातलं पहिलं बाटलीत भरून घेईन, मंग पत्ती टाकीन. च्या प्याले बसा म्हटलं तं कोणाले राग येते?"

बाबा, मी तिथे दुकानात उभी राहून तुम्हाला काय काय बोलले म्हणून सांगू. चहा! तुम्हाला जन्मभर एवढं सुचलं नाही? तुमचं डबडं एका माणसापुरतं होतं, तीच सगळी गोम. त्या साक्षगंधाच्या दिवशी विटांवर मोठा गंज चढवून तुम्ही म्हणाला असता, बसा हो सगळे, आज चहा माझ्या हातचा, तर सौंसरभर तुमचं नाव झालं असतं. पण तुम्ही चहाला पित्ताचं पाणी म्हणायचात. तुमच्यासारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. गंजाला कडी मात्र मीच लावली. खिळ्याने भोकं पाडली, तार दुमडून टोकं आत पिळली, हाताला टोचू नयेत म्हणून. कोणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप करत गेले, आणि त्याचाही मला राग आला.

कडी लावताना तिने विचारलं, आजोबा एवढं काहून उकळायचे? आणि मी सांगितलं. लोधीखेडं, रांजण, ओंजळ, सगळं. ह्या घरात पहिल्यांदा. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांना कमी ऐकू येतं असं आम्ही सगळे धरून चालतो. त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मंग तवाच सांगाचं होतं ना त्याइनं. पाणी मीच उकळून देल्लं असतं." पाहा. आता पाहा. एक वाक्य लागलं आणि एवढी वर्षं गेली.

गंज डोंगरात गेला. परवा तिने मोबाइलवर फोटो पाठवला. तीन दगड, त्यावर गंज, आजूबाजूला काका, काकू आणि आणखी कोण कोण पेले घेऊन बसलेले, आणि बूड काळं ठिक्कर. ह्यांनी फोटो मोठा करून दोनदा पाहिला आणि "चांगल्या भांड्याची वाट लावली पोट्टीनं" म्हणत मोबाइल परत दिला. राजीनाम्याचं नाव काढलं नाही. मी तिला फोनवर म्हटलं, शहाणी आहेस, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? ती हसायला लागली. "माह्या डोक्यातून? आई, तूच तं करते. कोणाच्या घरी गेली का गिलास तसाच ठेवते अन् म्हणते, पाणी नोको, च्या मांडा, चांगला उकळू द्या. मी लहानपणापासून पाहून राहिली." मी म्हटलं, "काहीतरीच. मला चहा लागतो." आणि बोलून झाल्यावर फोन हातात धरून उभी राहिले, कारण तो सूर माझा नव्हता.

हे पत्र कुठे टाकणार? पांढुर्ण्याच्या घरी आता दादा राहतो, तो उघडेल आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवेल. त्यापेक्षा उद्या परसातल्या पराट्या पेटवायला होईल. पण त्याआधी एक सांगते, तुम्हाला म्हणून. सासरी सगळे मला चहाबाज म्हणतात, कोणाच्याही घरी गेले तरी आधी माझ्यासाठी आधण चढतं. बाबा, मला चहा आवडत नाही. कधीच आवडला नाही.